दहा बेचाळीस : परिपथ बंद

१

शिवम गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शेषरावांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि म्हणाले, "ताई, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या. ठाण्यात द्याचा हाय."

फिर्याद होती. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांच्या वह्या तपासल्या. त्यामुळे हातात कागद आला की माझी नजर आधी चुकांवर जाते. 'हयगय' बरोबर लिहिलं होतं. 'मृत्यू'ही बरोबर होता. तिसऱ्या ओळीत नाव होतं : आलिमा, वय वीस, राहणार बुलढाणा. हिने जाणूनबुजून बटण दाबल्यामुळे माझा मुलगा शिवम भाजून मयत झाला, असं पुढे होतं. त्या वाक्यात एक स्वल्पविराम चुकला होता, तो मी दुरुस्त केला. हे सांगायला लाज वाटते, पण केलं खरं.

शिवम माझ्या धाकट्या बहिणीचा, रेणुकाचा आणि शेषरावांचा मुलगा. एकुलता एक. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून दहावीच्या गणितापर्यंत सगळं मी पाहिलेलं. तरी मला रडू येत नव्हतं. लोक भेटायला देऊळघाटला, रेणुकाच्या घरी, येत होते, माझ्याकडे बघून हुंदका देत होते, आणि मी त्यांना पाणी विचारत होते. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

झालं ते असं. शिवम बुलढाण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. तिथल्या पोरांचा रॉकेटचा संघ होता. दिवाळीतलं रॉकेट नव्हे. माणसाएवढं उंच, नळीसारखं, किलोमीटरभर वर जाऊन छत्रीनं खाली उतरणारं. यंदाच्या रॉकेटचं नाव त्यांनी टिटवी ठेवलं होतं. रविवारी देऊळघाटच्या पुढच्या माळावर ते उडवायचं होतं. अशा रॉकेटच्या बुडात एक वात असते, ती विजेनं पेटते. वातीपासून दीडशे मीटर लांब वायर जाते, तिच्या टोकाला डबा, डब्यावर बटण. बटण चालू केलं की वात पेटते. रविवारी सकाळी शिवम रॉकेटपाशी गुडघ्यावर बसून वातीला वायरीच्या दोन क्लिपा लावत होता. डब्यापाशी आलिमा होती. तिनं वॉकीटॉकीवर 'लाव' म्हटलं, आणि रॉकेट त्याच्या तोंडासमोर पेटलं. पंचनाम्यात लिहिलं होतं की दुसरी क्लिप त्याच्या मुठीतच सापडली.

पोलिसांनी डबा ताब्यात घेतला तेव्हा बटण बंद होतं. संघाच्या नोंदवहीत शेवटची ओळ होती : '१०:४२, परिपथ बंद.' बंद डब्यातून वीज जात नाही. म्हणजे मधे कुणीतरी बटण दाबलं होतं, आणि डब्यापाशी एकच माणूस होतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हणाले. "मी पोरांना एकदा विचारते."

"आता काय विचाराचं राह्यलं, ताई?" शेषराव म्हणाले. "तिनं सोता कबूल केलं."

रेणुका भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. "तिले विचारू द्या. ताई, जे खरं असन ते मले सांगजो. मंग ते कसंबी असो."

मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली. माझ्याकडे एक दिवस होता. त्यानंतर एका वीस वर्षांच्या मुलीवर खुनाचा आळ येणार होता.

२

माळावर त्या दिवशी चौघंच होती : शिवम, आलिमा, गजेंद्र आणि चंद्रशेखर. संघाचे सर परीक्षेच्या ड्युटीवर होते. वहीत त्यांची सही मात्र होती, शनिवारीच करून ठेवलेली.

गजेंद्र संग्रामपूरकडचा. होस्टेलच्या खोलीत कॉटवर बसून तो एकाच बोटाचं नख खात होता. आलिमाला बटण दाबताना पाहणारा साक्षीदार तो एकटा होता.

"मी आन चंद्रशेखर बकऱ्या हाकलाले गेलतो," तो म्हणाला. "रॉकेट उडाच्या टायमाले पन्नासेक बकऱ्या माळावर घुसल्या. आधी चंद्रशेखर डब्यापाशी होता. तो आलिमाले म्हणे, डबा पाह्य, आन माह्या मांगं पळाला."

"मग?"

"मंग मांगून आवाज आला. पलटून पाह्यलं तं आलिमाचा हात डब्यावर येऊन राह्यला होता. धपकन दाबलं तिनं."

"आधी हात की आधी आग?"

त्यानं बोट तोंडातून काढलं. "सांगता नाई येत, मॅडम. मले तं संगंच वाटलं."

"किती वेळा दाबलं?"

"एकदाच. ते पक्कं. मंग ती तशीच बसली, डब्यावर हात ठेवून."

"तुझ्याकडे वॉकीटॉकी होता?"

"हाव, सगळ्यायजवळ होता. आलिमानं 'लाव' म्हटलेलं मी आयकलं."

"त्यावर शिवम काय म्हणाला?"

"तो काईतरी बोलला, पन मी बकऱ्यायच्या आवाजात होतो, समजलं नाई." मग त्यालाच आठवलं. "पन 'लावल्या' नाई म्हटलं त्यानं. आमचा नेम हाय, मॅडम. क्लिपा लावल्या का मोठ्यानं 'लावल्या' म्हनाचं, मंग मांगं पळाचं. ते तीन वेळा म्हनते. ते आलंच नाई."

मी उठायला लागले तेव्हा तो म्हणाला, "एक सांगू का? त्यायचं शुक्रवारी भांडन झालतं. लय जोरात. मी दाराबाहेर होतो. आलिमा टोपी घालाचं काईतरी म्हणत होती, आन म्हणे, नाईतर मी डब्याले हातच नाई लावणार. आता टोपी घालणं म्हणजे फसवणंच ना, मॅडम? लीडर शिवम होता, पन काम तिनं लय केलतं. पेपरात फोटो येणार होता तो त्याचा एकट्याचाच."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगतलं," गजेंद्र म्हणाला. "तेच तं त्यायनं लिहून घेतलं."

३

आलिमाचं घर बुलढाण्यात आठवडी बाजाराच्या मागे. वडील मेहबूबभाई पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देतात. ओट्यावर तांब्याच्या तारेची रिळं पडली होती, पण दुकान बंद होतं. दार तिच्या आईनं, शाहजादीबाईंनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या बाजूला झाल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आलिमा आतल्या खोलीत चटईवर बसली होती. मी विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. "मी दाबलं, मॅडम. मी पोलिसायले बी सांगतलं."

"कधी दाबलंस?"

"पेटल्यावर."

"पेटल्यावर कशाला?"

"मले वाटलं बंद होईन." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मले मालूम हाय, मॅडम, पेटलेलं इंधन बटनानं विझत नसते. तरी दाबलं. हातच गेला."

"किती वेळा?"

"एकदा."

ती खोटं बोलत असेल तर फार विचित्र खोटं बोलत होती. स्वतःला वाचवायचं असेल तर माणूस 'मी हातच लावला नाही' म्हणतो. मी तिला शुक्रवारच्या भांडणाचं विचारलं. टोपी कसली, म्हटलं.

"लाईटची," ती म्हणाली. मला कळलं नाही हे तिला दिसलं, मग तिनं वहीच्या पानावर डबा काढून दाखवला. "हा नवा डबा होता. बटन असं हाय, एकदा दाबलं का चालू, परत दाबलं का बंद. वरून काईच समजत नाई, दोन्ही टायमाले ते सारखंच दिसते. बाजूले बारीक लाल लाईट हाय, चालू असला का लागते. पन एप्रिलच्या उन्हात लाईट लागला का नाई, काय दिसन? मी शिवमले म्हटलं, लाईटवर कायाकुट्ट कागदाची टोपी घाल, सावली पडन, नाईतर मी हात नाई लावणार."

"तो काय म्हणाला?"

"म्हणे, वही हाय ना. हरेक वेळा वहीत लिहितो, वहीत पाह्यत जा. डब्यापेक्षा वही पक्की."

"आणि रविवारी?"

"चंद्रशेखर बकऱ्याइमांगं पळाला. शिवमनं विचारलं, लावू का? मी वही पाह्यली. साफ लिहिलं होतं, मॅडम. बंद. म्हणून मी 'लाव' म्हटलं."

बाहेर शाहजादीबाई कुणाशी तरी हळू बोलत होत्या. आलिमानं डब्याचं चित्र काढलेलं पान फाडलं आणि त्याची घडी घालत राहिली.

"मी वही नसती पाह्यली तं तो जिता असता का?" तिनं विचारलं. मला त्या प्रश्नाचा अर्थच तेव्हा लागला नव्हता.

४

चंद्रशेखर देऊळगाव राजाचा. आठवी ते दहावी माझ्या वर्गात होता. शाळेच्या एवढ्या वर्षांत अशी तीन-चारच मुलं मिळतात, तशातला. मला कॉलेजच्या फाटकाशी पाहिल्याबरोबर भर रस्त्यात वाकून पाया पडला. डोळे सुजले होते.

"बाई, तुम्ही कशाला आलात उन्हात? मी आलो असतो."

आम्ही कॅन्टीनच्या मागच्या बाकावर बसलो. नोंदवही तो लिहीत असे. मूळ वही पोलिसांकडे होती, त्याच्याकडे पानांच्या झेरॉक्स होत्या. अक्षर अजून तसंच, शिरोरेघेला पट्टी लावल्यासारखं. सगळं मराठीत. संघातली पोरं त्याला भाषामंत्री म्हणायची, म्हणाला, पण वहीला कुणी नाव ठेवलं नाही.

"शेवटची नोंद तूच केलीस?"

"हो बाई. दहा बेचाळीसला. डबा तपासला. टोकाला वातीच्या जागी एक छोटा रोधक लावला होता, मीटर पाहिलं, सगळं बरोबर होतं. लगेच लिहिलं. तेवढ्यात बकऱ्या आल्या."

"आलिमाला काय सांगितलंस?"

"डबा बघ म्हणालो. आणखी काय सांगायचं? वही समोर उघडी होती." तो पहिल्यांदा तापला. "बाई, मला सांगा, वहीत साफ लिहिलेलं होतं. तरी तिनं 'लाव' म्हटलं. मी परत आलो तर डब्यावर हात ठेवून बसलेली. तिला वाचता येत नाही का?"

"तुझं आणि तिचं कधी भांडण?"

"नाही. चांगली होती ती. म्हणून तर कळत नाही." त्यानं तोंड फिरवलं. "फिर्यादीवर साक्षीदार म्हणून माझं नाव घाला, बाई. मी सांगेन कोर्टात. शिवमसाठी एवढं तरी करेन."

मी झेरॉक्स पिशवीत टाकल्या. शाळेत असताना हा मुलगा चूक झाली तर स्वतः येऊन सांगायचा. तो खोटं बोलेल असं मला वाटत नव्हतं. पण आलिमाही खोटं बोलत नव्हती, आणि दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलत असणारच होतं.

५

देऊळघाटच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर बसून मी तपासायचं पेन काढलं. टिचकीचं पेन. एकदा दाबलं, टोक बाहेर. परत दाबलं, टोक आत. किती वेळ मी तेच करत होते कोण जाणे, शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

मग माझा अंगठा थांबला.

टोक आत, म्हणजे बंद. एकदा दाबलं. टोक बाहेर आलं, म्हणजे चालू. समजा आलिमानं बंद डब्याचं बटण एकदा दाबून शिवमला मारलं. तर डबा चालू सापडायला हवा होता. पोलिसांना तो बंद सापडला. एकदाच दाबून बंद सापडायचा असेल, तर आधी तो चालू असायला हवा.

आणि एकदाच दाबलं हे पक्कं होतं. गजेंद्र तिच्याविरुद्ध बोलत होता, आलिमा स्वतःबद्दल बोलत होती, पण 'एकदाच' यावर दोघांचं जुळत होतं. तरी मी मास्तरीण आहे, उत्तर आलं की ताळा करून पाहते. समजा गजेंद्रची पाठ असताना तिनं आधी एकदा दाबलं असेल, तर? पण मग तिला शिवमच्या 'लावल्या'ची वाट पाहावी लागली असती. दीडशे मीटरवरून क्लिप टेकली की नाही ते दिसत नाही. 'लावल्या' आलंच नाही. दुसरी क्लिप त्याच्या मुठीत होती. म्हणजे ती वातीला टेकली त्याच क्षणी, हातातून सुटायच्या आधीच, रॉकेट पेटलं. तो क्षण कुणी लांबून साधला नव्हता. वायरीत वीज आधीपासून उभी होती. आणि ती मुद्दाम उभी करून ठेवणारी मुलगी लाईट दिसावा म्हणून शुक्रवारी भांडली नसती.

आलिमानं शिवमला मारलं नव्हतं. रॉकेट पेटल्यावर तिनं दाबलं आणि डबा बंद झाला, ती सांगत होती तसाच. मला बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही.

कारण मग डबा चालू कुणी ठेवला? तिच्याआधी डब्यापाशी एकच माणूस होतं. त्यानं चालू डबा सोडून दिला, आणि वहीत पट्टी लावल्यासारख्या अक्षरात 'बंद' लिहिलं. माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्यानं.

मी गाडी सोडली आणि परत कॉलेजकडे चालत गेले.

६

चंद्रशेखर त्याच बाकावर बसला होता. मी बसले नाही. "खोटं का लिहिलंस?" मी विचारलं.

तो गोंधळला. "कुठं, बाई?"

"दहा बेचाळीसला डबा चालू होता."

"होच की," तो म्हणाला. "चालूच होता. तेच लिहिलंय."

मी झेरॉक्स त्याच्यासमोर धरली. "हे काय आहे?"

"परिपथ बंद." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची परीक्षा घेते आहे. मग वर्गात उभं राहून द्यावं तसं उत्तर दिलं. "परिपथ बंद म्हणजे पूर्ण. प्रवाह वाहतो. परिपथ खुला म्हणजे तुटलेला. प्रवाह वाहत नाही. मीटर पाहायला बटण दाबलं, परिपथ बंद केला, नोंद केली. खुला केला की खुला लिहिणार होतो, पण बकऱ्या आल्या. वहीत बंद आहे, खुला नाही, हे तिला दिसत होतं. तरी ती 'लाव' म्हणाली."

मी बाकी झेरॉक्स पिशवीतून काढल्या. मार्चमधल्या सरावाची पानं होती, मी ती पाहिलीच नव्हती. 'परिपथ खुला. क्लिपा लावल्या.' खाली : 'परिपथ बंद. वात पेटली.' पानामागून पान तसंच. एकही चूक नव्हती. सरावाला डबाही त्याचा आणि वहीही त्याची, त्यामुळे त्याचा शब्द दुसऱ्या कुणाला वाचायची वेळच आली नव्हती. रविवारी पहिल्यांदा लिहिणारा एक आणि वाचणारी दुसरी झाली.

"आलिमा कुठल्या शाळेत होती?" मी विचारलं.

"उर्दू शाळेत. का?"

"तिनं परिपथ हा शब्द कधी वाचलाच नसेल. तिनं दुसरा शब्द वाचला. तिच्या घरी पंखा बंद करतात, मोटार बंद करतात, दुकान बंद करतात. तुझ्याही घरी तेच करतात. माझ्याही. मी ती ओळ तीन दिवस मनात घोकते आहे, चंद्रशेखर, आणि मलाही ती तशीच वाचता आली."

तो पानांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. तो ती ओळ दोन्ही तऱ्हांनी वाचून पाहत होता, हे मला दिसत होतं. मग त्यानं मान वर केली, आणि तो आता काय म्हणणार हे मला कळलं. मला ते नको होतं.

"पण बाई," तो म्हणाला, "तुम्हीच."

बरोबर होतं. आठवीचा वर्ग, वीजपरिपथाचा धडा. चंद्रशेखरनं उत्तरात लिहिलं होतं, 'बटण बंद केल्यास दिवा विझतो.' मी अर्धा गुण कापला होता. बटण बंद, दिवा बंद ही घरातली भाषा, ती घरी ठेवायची. इथं परिपथ बंद असला की दिवा लागतो. मी ते त्याच्याकडून पंचवीस वेळा लिहून घेतलं होतं. फळ्यावर नव्हे, त्याच्याच वहीत, त्याच अक्षरात. दर वर्षी प्रत्येक वर्गाकडून मी ते घोटून घ्यायचे आणि मला त्याचा अभिमान होता. परीक्षेत या प्रश्नाला माझ्या मुलांचा गुण कधी गेला नाही.

"शिवमला मी मारलं का, बाई?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. तो पंधरा वर्षांचा असता तर म्हणाले असते. "तू बटण चालू ठेवून गेलास," मी म्हणाले. "ते तुझं. बाकीचं माझं आहे." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. हाताला काही जाणवत नव्हतं.

७

घरी सांगताना मी सगळं क्रमानं सांगितलं. बटण, पेन, मुठीतली क्लिप, वही. शेवटी पंचवीस वेळा लिहून घेतलेलं वाक्य. रेणुका ऐकत होती. शेषराव फिर्यादीचा कागद मांडीवर घेऊन बसले होते.

"तू त्याले चूक शिकवलं का?" रेणुकानं विचारलं.

"नाही. बरोबर शिकवलं."

"मंग?"

"मग काही नाही. बाहेर लोक तसं बोलत नाहीत, डब्यावर काम करताना लोकांचं बोलणं धरायचं, हे नाही शिकवलं."

तिनं मान हलवली. माफ केलं म्हणून की समजलं म्हणून, मला कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता. शेषरावांनी पेन मागितलं आणि तिसऱ्या ओळीतल्या नावावर रेघ मारली. एकदा मारून त्यांचं समाधान झालं नाही, नाव दिसेनासं होईपर्यंत ते गिरवत राहिले.

"आता इथं कोनाचं टाकू?" त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं.

"नाव टाकू नका. झालं ते लिहा. सरांची सही आदल्या दिवशीची होती, ते लिहा. लाईट उन्हात दिसत नव्हता आणि त्या मुलीनं ते शुक्रवारी सांगितलं होतं, ते लिहा. चंद्रशेखर स्वतः ठाण्यात येतो म्हणाला आहे. वहीतल्या शब्दाचा माझा जबाब मी देईन."

ते लिहायला लागले. निम्मं लिहून झालं असेल, तेव्हा रेणुका म्हणाली, "तिले बोलाव."

"कुणाला?"

"त्या पोरीले. माह्या लेकाशी शेवटचं ते बोलली ना? गजेंद्रले आयकू आलं नाई म्हणते. तिले तं आलं असन."

एवढ्या चौकशीत मला ते विचारायचं सुचलं नव्हतं. मी बटणाचं विचारलं, वेळेचं विचारलं.

आलिमा दुसऱ्या दिवशी दुपारी आईबरोबर आली. घरात येऊ का, अशा नजरेनं उंबऱ्याबाहेर थांबली. रेणुकानं तिला हाताला धरून आत आणलं, आपल्याजवळ बसवलं आणि विचारलं, "तू 'लाव' म्हटल्यावर तो काय म्हणे?"

आलिमानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं सांगितलं.

"म्हणे, हाव, लावतो. आन म्हणे, झालं का लवकर चाला बे सगळे माह्या घरी. आईले सांगून आलो, चौघंबी जेवाले येतो म्हणून. तिनं वांगे आणून ठेवले."

वांगी रेणुकानं खरंच आणली होती. शनिवारी बाजारात मीच तिच्याबरोबर होते.

"परत सांग," ती म्हणाली.

आलिमानं परत सांगितलं. शब्द तेच, 'चाला बे' सुद्धा. रेणुका तिच्या तोंडाकडे बघत होती, एखादी नवी गोष्ट ऐकावी तशी. शेषराव दारात येऊन उभे राहिले. शाहजादीबाई डोळे पुसत होत्या. मला तेव्हाही रडू आलं नाही, आणि आता वाटतं की ते येणार नाही.

"परत एकदा," रेणुका म्हणाली, आणि आलिमानं तिसऱ्यांदा सांगायला सुरुवात केली.